आधी आई बघा

हिवाळ्याच्या तोंडाशी बाळापुरातल्या कुठल्याही गल्लीत एक बातमी सगळ्यांत आधी पोरांना कळते. उभ्या बैलगाडीखाली, पडक्या भिंतीच्या आडोशाला, कुणाच्या तरी पऱ्हाट्यांच्या ढिगामागं कुत्री व्यालेली असते. शाळा सुटली की दप्तरं भिरकावून पोट्टे तिकडं धावतात. कुणी पोतं आणतं, कुणी चार विटा मांडून घर करतं, कुणाची आई बाळंतिणीसाठी म्हणून वाटीभर गुळाचा शिरा देते. आणि ओट्यावर बसलेली एखादी आजी हटकते, "डोये उघडू दे रे बापा त्याईचे, मंग हात लाव!"

आजीनं हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नसतं. पण तिच्या त्या एका वाक्यात कुत्रं पाळण्याच्या शास्त्राचं अर्धं सार आहे. उरलेलं अर्धं असं की, डोळे उघडले म्हणजे पिल्लू तयार झालं असं नाही. खरं काम तर तिथून पुढं सुरू होतं.

आता पिल्लू गल्लीतून येत नाही, मोबाइलवरून येतं. गळ्यात लाल फीत, मागं चादर, खाली किंमत. 'डबल बोन', 'डबल कोट', 'विथ पेपर'. फोटो आवडला की आगाऊ पैसे जातात आणि अकोल्याहून बाळापूरकडं येणाऱ्या एखाद्या गाडीत, खोक्याला भोकं पाडून, एक जीव पंचवीसेक किलोमीटरचा प्रवास करून आपल्या अंगणात उतरतो. कुत्री साधारण त्रेसष्ट दिवस गाभण असते, म्हणजे नऊ आठवडे. त्यानंतर किमान आठ आठवडे पिल्लू तिच्या पदराखाली हवं. या सतरा आठवड्यांत जे घडलं ते पुढची बारा-पंधरा वर्षं आपल्या घरात वावरणार असतं. फोटोत त्यातलं काहीच दिसत नाही.

म्हणून पिल्लू बघायला जाताना एकच हट्ट धरावा. आधी आई बघावी. खाण तशी माती, हे आपण सोयरीक जुळवताना म्हणतो. कुत्र्याच्या बाबतीत ते किती सूक्ष्म पातळीपर्यंत खरं आहे, हे कळलं की थक्क व्हायला होतं.

अंधारातली शाळा

नुकतं जन्मलेलं पिल्लू आंधळं आणि बहिरं असतं. डोळ्यांच्या पापण्या मिटलेल्या, कानांची भोकं बंद. त्याला स्वतःच्या अंगाची ऊब टिकवता येत नाही. थंडीनं माणसाला शहारे येतात, काकडायला होतं. पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाला तेही जमत नाही. म्हणून ती सगळी एकमेकांच्या अंगावर चढून ढीग करून झोपतात आणि त्या ढिगातली वरची खाली, खालची वर अशी अखंड सरकत राहतात. पिल्लाला आपलं आपण लघवीलाही होत नाही. आई पोटाखाली जिभेनं चाटते, तेव्हाच ती क्रिया सुरू होते. आपल्याला माया वाटते ते त्या पिल्लासाठी जगण्याचं यंत्र असतं.

पण एक दार उघडं असतं. वास, स्पर्श आणि ऊब यांच्या आधारानं ते आईकडं सरपटत जातं. स्वीडन आणि हंगेरीतल्या संशोधकांनी २०२० साली दाखवून दिलं की, कुत्र्याच्या नाकाचा ओलसर गार शेंडा दुरून येणारी मंद उष्णतासुद्धा टिपतो. कुत्र्याचं नाक गार का, या लहानपणीच्या प्रश्नाचं हे एक उत्तर असू शकतं.

दहा ते चौदा दिवसांत डोळे उघडतात, पाठोपाठ कान. तिसऱ्या आठवड्यापासून दुधाचे दात फुटू लागतात. सगळे मिळून अठ्ठावीस आणि सुईसारखे अणकुचीदार. याच वेळी शाळेची घंटा होते. भावंडाचा कान जोरात चावला की ते केकाटतं आणि खेळ सोडून निघून जातं. आईला टोचलं तर ती गुरकावते, उठून बाजूला होते. दिवसातून शंभर वेळा हाच धडा चालतो: जबडा किती आवळायचा. हा धडा चुकलेलं पिल्लू पुढं खेळता खेळता घरातल्या पोराच्या हातावर खरोखर दात रोवतं, तेव्हा आपण म्हणतो, जातच वाईट. जात वाईट नसते, शाळा अर्ध्यावर सुटलेली असते. महिन्याभराचं पिल्लू विकणारा माणूस हीच शाळा चोरून विकत असतो.

दुसरा धडा माणसांचा. १९६१ साली अमेरिकेतल्या मेन राज्यात, बार हार्बरच्या प्रयोगशाळेत एक प्रयोग झाला. पिल्लांना उंच कुंपणाच्या मोकळ्या मैदानात त्यांच्या आईसोबत ठेवलं आणि माणसाचं दर्शनही होऊ दिलं नाही. मग वेगवेगळ्या वयांत काही पिल्लांना एकेक आठवडा माणसांत आणलं. पाचव्या ते नवव्या आठवड्यात माणूस भेटला ती पिल्लं माणसाळली. ज्यांना चौदा आठवडे पूर्ण होईपर्यंत माणूस दिसलाच नाही, ती रानातल्या जनावरासारखी झाली; नंतर कितीही लाडीगोडी लावली तरी बुजतच राहिली. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास एक खिडकी उघडते आणि तिसरा-साडेतिसरा महिना संपता संपता मिटते. या खिडकीतून जे जे दिसतं ते पिल्लाच्या लेखी 'आपलं जग'. नंतर आलेलं सगळं परकं.

म्हणजे अंधाऱ्या खोलीत, पिंजऱ्यांच्या रांगेत वाढलेलं पिल्लू दिसायला कितीही गुबगुबीत असलं, तरी त्याच्या जगात मिक्सरचा आवाज नसतो, पोरांचा गलका नसतो, अजान नसते, आरतीची घंटा नसते. ते आपल्या घरी येऊन पलंगाखाली शिरतं ते शिरतंच. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडं, असं म्हणतात. शेपटाचं काय असेल ते असो, स्वभाव मात्र या थोड्या आठवड्यांत सरळ होतो किंवा वाकतो.

पहिल्या दिवसाचं दूध

गाय व्याली की घरात खरवस होतो. तो पिवळसर चीक वासराच्या वाट्याचा आधी, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. कुत्रीचा चीकही तसाच. आईच्या रक्तातली रोगांशी लढणारी प्रतिद्रव्यं पिल्लाला बहुतांश या चिकातूनच मिळतात आणि ती शोषून घेणारं आतड्याचं दार जेमतेम पहिला एक दिवस उघडं असतं. आईला लसी दिलेल्या नसतील, तर ती शिदोरी तोकडी पडू शकते. आई बघायची ती यासाठीही.

पण ही शिदोरी पुढं एक विलक्षण पेच निर्माण करते. आईची प्रतिद्रव्यं हळूहळू विरत जातात. मधे काही दिवस असे येतात की, रोगाला अडवायला ती अपुरी पडतात, पण लसीला निकामी करायला मात्र पुरेशी असतात. हे दिवस कोणत्या पिल्लाचे कधी येतील, हे बाहेरून कळत नाही. म्हणून पशुवैद्य साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून लस सुरू करतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं सोळा आठवड्यांपर्यंत पुन्हा देत राहतात. एकाच रोगाला तीनदा सुई कशाला, असं ज्यांना वाटतं त्यांना हे उत्तर. डॉक्टर अंधारात खडे मारत नसतात. दार केव्हा उघडेल ते माहीत नसल्यामुळं ते पुन्हा पुन्हा ठोठावत असतात.

या दारात उभा असलेला सगळ्यांत वाईट पाहुणा म्हणजे पार्व्हो. गंमत अशी की, आपल्या आजोबांच्या तरुणपणी हा रोग कुत्र्यांत नव्हताच. मांजरांच्या एका विषाणूच्या कुळातून तो निपजला आणि १९७८ च्या सुमारास जगभर अचानक फैलावला. उलट्या, रक्ताची हगवण आणि दोन-तीन दिवसांत होत्याचं नव्हतं. हा विषाणू मातीत कित्येक महिने तग धरतो. शेजारच्या कुणाचं पिल्लू असं गेलं असेल, तर त्याच अंगणात लस पूर्ण न झालेलं दुसरं पिल्लू आणणं म्हणजे जाणूनबुजून विस्तवावर पाय देणं.

जंतांची गोष्ट तर त्याहून अजब. टॉक्सोकारा नावाच्या गोल जंताच्या अळ्या कुत्रीच्या मांसात वर्षानुवर्षं निपचित पडून असतात. ती गाभण राहिली की शेवटच्या काही आठवड्यांत त्या जाग्या होतात आणि नाळेतून थेट पोटातल्या पिल्लांत शिरतात. म्हणजे पिल्लू जग बघायच्या आधीच जंताचं बिऱ्हाड घेऊन येतं. यासाठी दुसऱ्या आठवड्यापासूनच जंतनाशक द्यायचं असतं. विकणाऱ्याला "जंताचं औषध कोणत्या तारखांना दिलं?" एवढं विचारावं. चांगला माणूस वही काढतो. दुसरा "सगळं झालेलं आहे" म्हणतो.

विकणाऱ्याच्या दारात

आता त्या दारात जाऊ. आई दाखवा म्हटल्यावर "ती गावाकडं आहे" असं उत्तर आलं, तर तिथूनच मागं फिरावं. आई दिसली तर तिच्या डोळ्यांत बघावं. ती पिल्लांपाशी आहे का, अंगावर मांस आहे का, अनोळखी माणसाकडं कुतूहलानं येते की कोपऱ्यात थरथरते? सड लोंबलेले आणि फासळ्या वर आलेल्या, वर्षामागून वर्षं फक्त व्यालेल्या कुत्रीची कहाणी सांगायला वेगळ्या कागदाची गरज नसते.

कायदाही याच बाजूनं आहे. केंद्र सरकारनं मे २०१७ मध्ये कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी नियम केले. पैदासकारानं राज्य प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी करायची. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. कुत्री अठरा महिन्यांची झाल्याशिवाय तिला लावायची नाही, आठ वर्षांनंतरही नाही. वर्षातून एकदाच वेत आणि अख्ख्या आयुष्यात पाचापेक्षा जास्त नाहीत. पिल्लाच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप. नोंदणीचं प्रमाणपत्र बघायला मागणं म्हणजे उर्मटपणा नव्हे.

'पेपर' म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचा वंशावळीचा दाखला. हे मंडळ चेन्नईचं. तो कागद पिल्लाचे आजा-पणजा सांगतो; त्यांची कंबर धड होती का, डोळे शाबूत होते का, हे सांगत नाही. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड अशा जातींत खुब्याचा सांधा सैल राहण्याचा दोष वंशानं उतरतो. तो असला तर दोन वर्षांचं कुत्रं म्हाताऱ्यासारखं उठतं. जबाबदार माणूस आई-बापाच्या खुब्यांचे एक्स-रे काढून मगच जोडी लावतो. आणि 'डबल बोन'? पायात हाडं जितकी असायची तितकीच असतात. ती दुप्पट करणारी कला अजून कुणाला साधलेली नाही. खाऊपिऊ घातलेलं, जाड पायांचं पिल्लू एवढाच त्याचा अर्थ.

खऱ्या माणसाची एक खूण तर अगदी उलटी आहे. तोच आपली उलटतपासणी घेतो. घरी दिवसभर कोण असतं, उन्हाळ्यात कुठं ठेवाल, आधी कुत्रं होतं त्याचं काय झालं? आणि शेवटी सांगतो, नाहीच जमलं तर दुसऱ्याला देऊ नका, मला परत आणून द्या. ज्याला पिल्लू परत घ्यायची तयारी आहे, त्यानंच ते मनापासून वाढवलेलं असतं.

वऱ्हाडचं ऊन आणि कुत्र्याचं नाक

कोणती जात घ्यावी, याचं उत्तर फोटोपेक्षा मे महिन्याला विचारावं. मे २०२४ मध्ये उन्हामुळं अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना कलम १४४ लावावं लागलं होतं. पंचेचाळीस अंशांच्या त्या उन्हात कुत्र्याकडं घाम नाही. तळव्यांना येतो तेवढाच. मग ते गार कसं राहतं?

त्याच्या तोंडात आपला कूलरच बसवलेला असतो. कूलरमध्ये ओल्या ताटीतून हवा ओढली जाते, पाणी उडतं आणि हवा गार होते. कुत्र्याच्या लांब नाकाच्या आत पातळ हाडांच्या गुंडाळ्या असतात, त्यांवर ओलसर अस्तर. धापा टाकताना हवा त्यांवरून आणि ओल्या जिभेवरून जाते आणि पाणी उडताना अंगातली उष्णता घेऊन जातं. एरवी मिनिटाला वीस-तीस असणारा श्वास तेव्हा तीनशेपर्यंत पोचतो. आता पग किंवा बुलडॉगचं तोंड आठवा. माणसाला ते बाळासारखं चपटं आवडलं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या निवडत गेलो आणि नाक आखूड करता करता ताटीच काढून टाकली. पंखा फिरतोय, पाणी नाही. झोपेत ते घोरतं तेव्हा आपण हसतो. बिचारं हवेसाठी झगडत असतं. हस्कीचं दुःख वेगळं. नाक लांब आहे, पण अंगावर बर्फातली दुहेरी लोकर.

या मातीला मानवतील अशी कुत्रीही आहेतच. सडपातळ कारवानी हाउंड मराठवाडा, सोलापूर, सांगलीकडं पिढ्यांपासून सांभाळला जातो. त्याच्याच नात्यातला मुधोळ हाउंड. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी त्याची पैदास जोपासली आणि इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला पिल्लं भेट दिली. २००५ साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यांत मुधोळ होता. आज मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यक विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे. पण हा पळणारा प्राणी आहे. दोन खोल्यांच्या घरात तो कोमेजतो.

आणि सगळ्यांत जवळचं, बैलगाडीखालचं. गावठी कुत्रं ही कुठल्या जातींची भेसळ नव्हे. त्याची निवड माणसानं केली नाही. ऊन, पाऊस आणि भुकेनं केली. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलं की, पिष्ट पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात त्या कित्येक पट वाढलेल्या आहेत. माणूस शेती करू लागला, त्याच्या ताटातलं उष्टं खात खात लांडग्याचा हा भाऊबंद आतून बदलला. ज्वारीची भाकरी पचवण्याची सोय त्याच्या रक्तात लिहिली गेली. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ साली ब्रॉन्झचा रथ सापडला. दोन बैल, हाकणारा माणूस आणि दांडीवर उभा असलेला कुत्रा. हजारो वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराला बैलगाडी म्हटली की कुत्रं आठवलंच. पैसे न देता आणलेल्या गावठी पिल्लालाही नियम मात्र तोच: आठ आठवडे आईपाशी.

पहिली रात्र

घरी आल्यावर पहिल्या रात्री पिल्लू रडतं. जन्मापासून ते एकदाही एकटं झोपलेलं नसतं. त्याला बाहेर पडवीत ठेवून "सवय होईल" म्हणू नये. आपल्या खाटेशेजारी खोक्यात ठेवावं, हात खाली सोडावा. येताना विकणाऱ्याकडून आईच्या अंगाखालचं एक फडकं मागून आणावं. नाकानं जगणाऱ्या जिवाला ते फडकं म्हणजे आईची चिठ्ठी.

आठ आठवड्यांच्या पिल्लाला दोन-तीन तासांपलीकडं लघवी रोखता येत नाही. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच ठरलेल्या जागी न्यावं, झालं की तिथंच कौतुक करावं. घरात झालं तर गुपचूप पुसून घ्यावं. त्यात त्याचं नाक घासलं, तर त्याला एवढंच कळतं की या माणसाचा भरवसा नाही. खाणं आधी जे चालू होतं तेच, मग हळूहळू बदल. दूध-बिस्कीट हे खाणं नव्हे. भाकरी चालते, पण तिच्यासोबत वाटीतलं पिठलं नको: कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. मनुका, द्राक्षं आणि चॉकलेट तर विषच.

आता खरा पेच. लस पूर्ण होईपर्यंत पिल्लाला जमिनीवर, इतर कुत्र्यांत सोडायचं नाही. आणि जग ओळखीचं करून घ्यायची खिडकी तर याच आठवड्यांत मिटत चाललेली. यावरचा तोडगा आपल्या आयांना फार पूर्वीपासून माहीत आहे: कडेवर घ्यायचं. पिल्लाला कडेवर घेऊन बाळापूर दाखवावं. बाजारातली गर्दी, हायवेवरचे ट्रक, बुरखा घातलेली बाई, काठी टेकत चाललेले आजोबा, बँडबाजा, बकऱ्या. मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरचा किल्ला, मिर्झाराजे जयसिंगांची छत्री. पाय मातीला लावायचा नाही, डोळे मात्र सगळीकडं लागू द्यायचे.

तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस. या भागात तिचं महत्त्व वेगळं सांगायला नको. शेगाव इथून जवळ. गजानन महाराजांच्या पोथीत भास्कर पाटलांना पिसाळलेलं कुत्रं चावल्याची कथा घरोघर वाचली जाते. हा विषाणू जखमेतून नसांच्या वाटेनं मेंदूकडं सरकतो आणि त्याला आठवडे, कधी महिने लागतात. त्या रेंगाळण्यातच आपली संधी आहे. लस त्याच्या आधी पोचू शकते. म्हणून पिल्लाचा दात नुसता खेळताना लागला तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्यात पंधरा मिनिटं धुवावी आणि दवाखाना गाठावा. पिल्लू आजारी वाटलं, तर अकोल्याला मूर्तिजापूर रोडवर स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. ती आपल्या भागातली मोठी सोय.

त्या फडक्याचं काय होतं? पहिले काही दिवस पिल्लू तोंड खुपसून त्यावर झोपतं. मग ते दारात ओढून नेतं, फाडतं, त्यावर चिखल आणतं. आईचा वास विरत जातो, तुमच्या घराचा चढत जातो. आणि एके दिवशी घरातलं कुणीतरी न विचारता ते धुण्यात टाकतं, दोरीवर वाळत घालतं. पिल्लू एकदा मान वर करून त्याच्याकडं बघतं, आणि तुमच्या पायावर डोकं ठेवून झोपी जातं.